शिक्षणासाठी गाव निवडताना

दहावी-बारावीनंतर गाव निवडताना केवळ महाविद्यालयाचे नाव पाहू नये; तिथे काही वर्षे राहायचेही आहे, हे ध्यानात घ्यावे. लातूरच्या शिकवण्यांचा दबदबा खरा असला, तरी २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या शहरात खोली घेण्यापूर्वी उन्हाळ्यात नळाला किती दिवसांआड पाणी येते आणि टँकरचा खर्च कोणाच्या माथी पडतो, हे घरमालकाला आधीच विचारून घ्यावे. छत्रपती संभाजीनगरात १९५८ पासूनचे विद्यापीठ आहे, शिवाय वाळूजच्या कारखान्यांमुळे शिकता शिकता काम मिळण्याची शक्यताही माझ्या मते अधिक. खर्च मात्र त्याच मानाने. शेतीची ओढ असेल, तर कृषी विद्यापीठाचे परभणी निःशंकपणे निवडावे, फक्त करमणूक बेताचीच असेल.