प्रतिजनातला ‘जन’

प्रश्न आला आहे: ‘प्रतिजन म्हणजे शत्रुजनच ना? मग प्रतिजन जितका घातक, तितका शरीराचा प्रतिसाद जोरदार, असं म्हणता येईल का?’

प्रतिजन म्हणजे अँटिजेन, शरीराची प्रतिकारयंत्रणा ज्याला ओळखते असा पदार्थ. हे ‘शत्रुजन’ ऐकून ऐकून कान किटले आहेत. इथला जन म्हणजे लोक नव्हेत. हा जन्मातला, जननीतला ‘जन्’ धातू, उत्पन्न करणे. आणि काय सुरेख योग बघा, अँटिजेनमधला ग्रीक ‘जेन’ही त्याच मुळातून फुटलेला! ऑक्सिजन, हायड्रोजन यांच्या शेवटीही तोच आहे. प्रतिजन हा शब्द घडवणाऱ्याच्या कानात ऑक्सिजन घुमत असणार, असा माझा पक्का तर्क आहे.

‘प्रति’ही शरीराच्या विरुद्ध नव्हे. १८९९ साली ‘अँटिजेन’ हा शब्द वापरणाऱ्या लास्लो डेट्रे या हंगेरियन संशोधकांनी १९०३ मध्ये स्वतःच सांगितलं, की तो ‘अँटिसोमॅटोजेन’चा संक्षेप आहे. म्हणजे प्रतिपिंडं (अँटिबॉडी, शरीर बचावासाठी बनवतं ती प्रथिनं) उपजवणारा. तरीही ‘शरीराविरुद्ध उठलेला’ अशी फोड छापणारे छापतातच.

काही व्याकरणप्रेमी ‘प्रतिजनक’ करा म्हणतात. मला ते साफ नामंजूर आहे. ‘जनक’ म्हटलं की प्रत्येक प्रतिजन प्रतिसाद उपजवतोच असा दावा होतो, आणि तो खोटा आहे. पेनिसिलिनचा रेणू घ्या. रेणुभार जेमतेम ३३४. एकटा असला तर प्रतिकारयंत्रणा त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. रक्तातल्या प्रथिनाला चिकटला, की एखाद्याच्या अंगभर गांधी उठतात. अशा रेणूंना रक्तगट शोधणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांनी हॅप्टेन म्हटलं, ग्रीक ‘हाप्टेइन’वरून: पकडणे, जोडणे. स्वभाव नेमका नावात उतरला आहे.

राहिला घातकपणा. गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन काही विष नव्हे. गायीला त्याचं काहीच वाटत नाही, पण तेच कोंबडीला टोचलं की प्रतिपिंडं भराभर तयार होतात. प्रतिसाद किती जोरदार हे ठरवण्यात परकेपणा पहिला. मग आकार, आणि आकाराइतकीच रचनेतली गुंतागुंत: प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यातल्या एकाचीच माळ कितीही लांब केली तरी प्रतिसाद फिकाच. मात्रा फार कमी किंवा फार जास्त झाली तरी बिनसतं. वाटही महत्त्वाची, त्वचेखाली टोचल्यावर खवळणारं शरीर तेच प्रथिन पोटातून आलं तर बहुधा सोसून घेतं.

तेव्हा ‘घातक’ नको, ‘प्रतिकारजनक’ (इम्युनोजेनिक, म्हणजे प्रतिसाद उपजवणारा) म्हणा. तिथे ‘जनक’ हवाच, कारण तिथे उपजवण्याबद्दलच बोलायचं असतं.