वाचकांचे प्रश्न : फर्मवेअर अर्धवट राहिलं, यूएसबी पोर्ट बंद

प्रश्न : माझ्या डेस्कटॉपचे मागचे दोन निळे यूएसबी ३.० पोर्ट रेनेसास कंपनीच्या वेगळ्या चिपवर आहेत. तिचं फर्मवेअर (चिप चालवणारा आतला प्रोग्रॅम) अपडेट करताना पावसात लाईट गेली. आता दोन्ही पोर्ट बंद. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड १०, म्हणजे उपकरण सुरू होत नाही. बाकीचे पोर्ट चालतात. दुकानदार मदरबोर्ड बदलायला सांगतो. काय करू?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : घाई नको. नाव दिसतंय म्हणजे चिप बोलतेय. प्रॉपर्टीज, डीटेल्स, हार्डवेअर आयडीज इथे व्हीईएन १९१२ आणि डीईव्ही ००१५ असेल, तर ती यूपीडी७२०२०२, दोन पोर्टांची. फर्मवेअर तिच्या पोटात नसतं, शेजारच्या आठ पायांच्या एसपीआय रॉममध्ये, म्हणजे छोट्या मेमरी चिपमध्ये असतं. बिघडलंय ते तेच. रॉम लिहिण्याची वाट पीसीआय रजिस्टरांतून (संगणक चिपशी थेट बोलतो त्या जागांतून) जाते, त्यासाठी आधीचं फर्मवेअर चालू असावं लागत नाही. म्हणून पोर्ट बंद असूनही तोच अपडेटर पुन्हा चालू शकतो.

त्याआधी वीज पूर्ण काढा. नुसतं रीस्टार्ट पुरत नाही, कारण एसएमपीएसचा (पॉवर सप्लायचा) ५ व्होल्ट स्टँडबाय चालूच राहतो आणि चिप अर्ध्या अवस्थेत अडकून बसते. केबल काढून पॉवर बटण १५ सेकंद दाबा, दोन मिनिटं थांबा. अपडेटर बोर्डाच्या उत्पादकाचाच घ्या. ७२०२०१ आणि ७२०२०२ ही वेगळी मॉडेलं आहेत, फाईल कोणत्या चिपसाठी आहे ते नीट वाचा. घरचा इन्व्हर्टर असेल तर मागचा स्विच यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये वीज गेल्यावर बॅटरीवर जायला लागणाऱ्या क्षणभरातच संगणक बंद पडू शकतो, आणि गोव्यातला जून तुम्हाला ठाऊक आहेच.

तरीही जमलं नाही, तर रॉम बाहेरून लिहायची. त्यासाठी सीएच३४१ए प्रोग्रामर (रॉम वाचणारं-लिहिणारं छोटं यूएसबी यंत्र) आणि आठ पायांची क्लिप लागते. काळ्या रंगाच्या अनेक सीएच३४१एमध्ये पुरवठा ३.३ व्होल्ट, पण डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. लावण्यापूर्वी मल्टिमीटरने मोजा आणि रॉम किती व्होल्टची हे तिच्या अंगावरच्या नंबरवरून ठरवा. क्लिपची लाल तार बिंदू असलेल्या एक नंबरच्या पायावर. खाऱ्या, दमट हवेत पाय काळवंडलेले असतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासले नाहीत तर वाचन दरवेळी वेगळं येतं. तीनदा वाचा. तिन्ही फाईली तंतोतंत सारख्या आल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यांतली एक जपून ठेवा, बिघडलेली असली तरी. सारख्या येतच नसतील तर क्लिपमधून जाणारी वीज शेजारच्या कंट्रोलरलाही, म्हणजे त्या यूएसबी चिपलाही जागं करत असेल. मग रॉम हॉट एअरने उतरवूनच लिहावी लागते, आणि ते काम मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे द्यावं.

अपडेटची फाईल म्हणजे रॉमची पूर्ण प्रतिमा असेलच असं नाही. त्याच मॉडेलच्या चालू बोर्डावरून वाचलेली प्रत मिळाली तर उत्तम. मग क्रम असा: इरेज (पुसणं), राइट (लिहिणं), व्हेरिफाय (पडताळणं), आणि पुन्हा वीज काढणं.

एवढं करूनही कोड १० जात नसेल, तर पीसीआय-ई एक्स१ स्लॉटमध्ये यूएसबी कार्ड टाका आणि बायोसमधून हा कंट्रोलर बंद करा.