जुन्या जीपच्या सुट्या पार्टना ॲनोडायझिंग करावं की पावडर कोटिंग?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत जुन्या जीपचं काम काढलंय. ओतीव ॲल्युमिनियमचं टॅपेट कव्हर (इंजिनावरचं झाकण), पत्र्याचा बॅटरी ट्रे, आरशाचे लोखंडी ब्रॅकेट, बिडाचे ब्रेक कॅलिपर आणि लेथवर एचई-30 या ॲल्युमिनियममधून करून घेतलेले चाकाचे स्पेसर (हब आणि चाक यांच्यामध्ये बसणाऱ्या चकत्या) व गिअर नॉब एवढे पार्ट करायचे आहेत. कुपवाड एमआयडीसीत एक जण म्हणाला सगळ्याला पावडर मारू, दुसरा म्हणाला ॲनोडायझिंगच टिकतं. ऐकायचं कोणाचं?

सगळा ढीग एकाच ठिकाणी देऊ नका. स्पेसर आणि नॉब ॲनोडायझिंगला, टॅपेट कव्हर, ट्रे आणि ब्रॅकेट पावडरला. कॅलिपरला मी तरी दोन्ही करणार नाही, त्याचं खाली लिहितो.

निवड करताना रंग शेवटी बघायचा. आधी धातू कोणता ते बघा, मग पार्ट दुसऱ्या कशाला टेकतो का, घासतो का, त्यात बोल्ट फिरतो का, ते बघा.

पावडर म्हणजे पार्टवर रंगाची कोरडी पूड उडवून ती भट्टीत वितळवून पिकवलेला थर. ॲनोडायझिंग हा मात्र असा वरून चढवलेला थर नसतो. गंधकाम्लाच्या टाकीत पार्टला करंट देऊन ॲल्युमिनियमच्याच पृष्ठभागाचं ऑक्साइड केलं जातं. त्यामुळे लोखंड किंवा बीड त्या टाकीत टाकायचा प्रश्नच येत नाही, ॲसिड ते खाऊन टाकतं. आपल्याकडे लोखंडी पार्ट काळे करायच्या ‘ब्लॅकोडायझिंग’लाही बोलताना कोणी कोणी ॲनोडायझिंग म्हणून जातं. ती प्रक्रिया वेगळी आहे. गरम कॉस्टिकच्या क्षारात लोखंड काळं करून वर तेल लावतात. तेल धुतलं गेलं की पहिल्या पावसाळ्यात गंज दिसतो. आरशाच्या ब्रॅकेटला कोणी ‘काळं ॲनोडायझिंग’ करून देतो म्हणाला, तर तो बहुधा हेच करणार आहे.

ॲल्युमिनियममध्येही ग्रेडचा फरक पडतो. एचई-30 म्हणजे 6082, त्यावर ॲनोडायझिंग छान येतं. एचई-9 वर तर आणखी स्वच्छ. एचई-15 मध्ये तांबं असल्याने थर पातळ आणि पिवळट येतो. टॅपेट कव्हरसारख्या ओतीव पार्टमध्ये, एलएम-6 असो वा एडीसी-12 (हे ओतकामाचे ग्रेड), सिलिकॉन 10 टक्क्यांच्या आसपास असतं. सिलिकॉनचं ऑक्साइड होत नाही, ते तसंच उरतं आणि पार्ट राखेच्या रंगाचा, डागाळलेला बाहेर येतो. ॲनोडायझिंगवाल्याची यात चूक नसते, मालच तसा आहे. म्हणून टॅपेट कव्हरला पावडरच.

आता मापं. स्पेसरला पावडर का नको, ते इथे कळेल. बाहेरच्या वापरासाठी ॲनोडायझिंगचा थर 20 ते 25 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मागतात. त्यातला साधारण एक तृतीयांश माप वाढवतो, उरलेला धातूच्या आत जातो. म्हणजे 20 मायक्रॉनच्या थराने एका बाजूला सुमारे 7 मायक्रॉन वाढ. पावडर मात्र 60 ते 80 मायक्रॉन, आणि ती सगळी वर. आट्यांवर हा फरक चौपट होतो, कारण 60 अंशाच्या आट्यात दोन्ही उतारांवर आणि व्यासाच्या दोन्ही बाजूंना थर बसतो. 7 मायक्रॉनचे 28 होतात, 70 चे 280. एम6 च्या (6 मिमी व्यासाच्या) नेहमीच्या 6जी मापवर्गाच्या बोल्टला किमान सुटी (आट्यांमधली मोकळी जागा) 26 मायक्रॉनचीच असते. ॲनोडाइज केलेल्या भोकात तो थोडा घट्ट का होईना, बहुधा जातो. पावडर मारलेल्या भोकात दोन आटेही जाणार नाही. मग लोक टॅप फिरवतात, पावडरीचा पोपडा निघतो आणि तिथूनच पाणी आत शिरायला लागतं.

स्पेसरचा याहून मोठा धोका टेकणाऱ्या तोंडांचा आहे. हब आणि चाक यांच्यामध्ये पावडरीचा थर दाबला गेला की तो उष्णतेने आणि दाबाने हळूहळू बसतो. थर जितका बसला तितका नटचा ताण कमी झाला. नट घट्ट केले होते तरी काही दिवसांनी सैल सापडतात ते याने. ॲनोडायझिंगचा थर कडक असतो, तो दबत नाही. स्पेसर, पुली, इंजिनाचे माउंट अशा दाबाखाली बसणाऱ्या कुठल्याही तोंडावर पावडर असता कामा नये. मास्किंग करून, म्हणजे टेप किंवा बूच लावून, ती जागा कोरी ठेवा.

स्पेसर देताना एक काळजी घ्या. ॲनोडायझिंगच्या आधी कॉस्टिकमध्ये एचिंग करतात, त्यात प्रत्येक बाजूने काही मायक्रॉनपासून 15-20 मायक्रॉनपर्यंत धातू जातो. हबवर बसणारा बोअर एचिंगमध्ये मोठा होतो आणि थर चढताना लहान होतो. शेवटी काय उरेल ते एचिंगच्या वेळेवर. म्हणून ‘एचिंग कमीत कमी’ असं सांगा, एक नग आधी करून घ्या, बोअर गेजने मोजा आणि मगच बाकीचे टाकायला सांगा. स्पेसरमध्ये लोखंडी स्टड किंवा हेलिकॉइल (आट्यांसाठी बसवलेली तारेची गुंडाळी) बसवले असतील तर ते काढूनच द्या, टाकीत ते शिल्लक राहत नाहीत. पार्ट टाकीत धरून ठेवणाऱ्या जिगचा तारेएवढा ठिपका प्रत्येक पार्टवर राहतोच, कारण करंट तिथूनच जातो. तो कुठे चालेल ते मार्करने दाखवून द्या. नाहीतर नेमका नॉबच्या डोक्यावर येतो.

काळ्या रंगात फसवणूक फार होते, तीही मुद्दाम नव्हे तर घाईने. दर चौरस डेसिमीटरला दीड अँपिअर करंट दिला तर मिनिटाला साधारण 0.45 मायक्रॉन थर बनतो. 20 मायक्रॉनला पाऊण तास लागतो. 20 मिनिटांत काढलेला पार्टही थरात रंग भरणाऱ्या डाय टाकीतून काळाभोर बाहेर येतो, हातात घेतल्यावर फरक कळत नाही. फरक दोन उन्हाळ्यांनी दिसतो, काळा रंग तपकिरी-जांभळा पडतो. टाकीचं तापमान 20 अंशांच्या आसपास हवं. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये चिलर नसेल तर टाकी तापते आणि थर मऊ, भुकटीसारखा होतो. बोटाने घासून पांढरी भुकटी आली तर पार्ट परत करा.

शेवटचा टप्पा सीलिंगचा. थरातली बारीक छिद्रं उकळत्या पाण्यात बंद करतात, 96 अंशांच्या वर, मायक्रॉनमागे 2 ते 3 मिनिटं. म्हणजे 20 मायक्रॉनला 40 मिनिटं ते तास. हे पाणी डीएम, म्हणजे क्षार काढलेलं, हवं. आपल्या पट्ट्यात बोअरचं पाणी किती जड आणि खारट असतं ते तुम्हाला माहीत आहे. त्यात सीलिंग केलं की पांढरा साका बसतो आणि छिद्रं नीट बंद होत नाहीत. ‘सीलिंगला पाणी कोणतं?’ हा एक प्रश्न विचारलात तरी समोरचा किती काळजीने काम करतो ते कळतं. घरी तपासायचं असेल तर लॉटसोबत एक तुकडा बिनरंगाचा करून घ्या. त्यावर फाउंटन पेनच्या शाईचा थेंब टाका, पाच मिनिटांनी साबणाने धुवा. डाग राहिला तर सीलिंग कच्चं आहे. मल्टीमीटरने कंटिन्युइटी बघितलीत तर थर आहे की नाही एवढंच कळतं, किती जाड आहे ते नाही.

नॉब आणि स्पेसर धुताना कॉस्टिकचा फोम किंवा ॲसिडचा व्हील क्लीनर वापरू नका. ॲल्युमिनियमचं ऑक्साइड ॲसिडमध्येही विरघळतं आणि अल्कलीमध्येही. साधा गाडीचा शॅम्पू पुरे.

आता पावडर. टॅपेट कव्हर यातलं सगळ्यात अवघड काम आहे. वर्षानुवर्षं तेल प्यायलेलं कास्टिंग भट्टीत गेलं की छिद्रांतून तेल आणि हवा बाहेर पडते आणि वितळलेल्या पावडरीत टाचणीच्या टोकाएवढे फोड येतात. उपाय असा: आधी डिग्रीझिंग (तेल-ग्रीस धुणं), मग ब्लास्टिंग (हवेच्या जोराने कण मारून साफ करणं), मग कोरं कव्हर 200 ते 220 अंशांवर तासभर भाजायचं, म्हणजे पावडर ज्या तापमानाला पिकवणार त्याच्या वर. डाग वर आले तर सॉल्व्हंटने पुसून पुन्हा हलकं ब्लास्ट. त्यानंतर ॲल्युमिनियमसाठीचं क्रोमेट किंवा झिर्कोनियमचं प्रीट्रीटमेंट आणि मग पावडर. हे आधीचं भाजणं बहुतेक जण टाळतात, कारण भट्टी तासभर अडकते. त्याचे वेगळे पैसे देतो म्हणा, पण करून घ्या. मात्र हा उपाय टॅपेट कव्हरपुरताच. अलॉय व्हील किंवा सस्पेन्शन आर्म असं हीट ट्रीट केलेलं ॲल्युमिनियम कधी द्यायचं झालं तर त्याला एवढं तापवू नका, त्याची ताकद उतरते.

ब्लास्टिंगला काचेचे मणी किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइड हवं. लोखंडी शॉटचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढे कोटिंगखाली गंजतात. आणि टॅपेट कव्हरच्या आत तेल अडवणारी पत्र्याची जाळी किंवा बॅफल असतो. तो निघत असेल तर काढा, निघत नसेल तर आतली बाजू पूर्ण बंद करून मगच ब्लास्टिंगला द्या. त्यामागे अडकलेली चिमूटभर वाळू इंजिन सुरू झाल्यावर तेलात पडते आणि बेअरिंगं खाते. गॅस्केटचं तोंड, बोल्टच्या डोक्याखालची जागा आणि ऑइल कॅपचे आटे मास्क करायला सांगा.

बॅटरी ट्रे आणि ब्रॅकेट एमएसचे (साध्या लोखंडाचे) आहेत, त्यांना सेव्हन टँक प्रोसेस: डिग्रीझिंग, पाणी, गंज काढणं, पाणी, फॉस्फेटिंग, पाणी, पॅसिव्हेशन. ट्रेच्या दुमडलेल्या कडांमध्ये आणि स्पॉट वेल्डिंगच्या दोन पत्र्यांमध्ये ॲसिड अडकतं आणि दोन महिन्यांनी तपकिरी ओघळ येतात. म्हणून ट्रेला गंज काढण्याच्या टाकीऐवजी ब्लास्टिंग चांगलं. जुलै-ऑगस्टमध्ये काम देत असाल तर फॉस्फेट झालेला पार्ट ओव्हनमध्ये सुकवून त्याच दिवशी कोट करायला सांगा. रात्रभर राहिला तर दमट हवेत त्यावर पिवळी झाक धरते आणि पावडर तिच्यावरच बसते.

पावडर नुसती ‘काळी’ म्हणून मागू नका. बॅटरी ट्रे बॉनेटखाली असतो, ऊन नाही पण ॲसिडचे थेंब आहेत, तिथे इपॉक्सी किंवा इपॉक्सी-पॉलिएस्टर. आरशाचे ब्रॅकेट उन्हात, तिथे प्युअर पॉलिएस्टर. इपॉक्सी उन्हात ठेवलात तर काही महिन्यांत खडूसारखी पांढरी पडते. रंगासाठी आरएएल 9005 (काळ्या रंगाचा ठरलेला कोड) सांगितलंत तर काळ्या रंगाचा लॉट चालू असेल त्या दिवशी तुमचे चार नग त्यात जातात. वेगळ्या रंगासाठी बूथ आणि गन धुवावी लागते, त्याचे पैसे चार नगांवरच पडतात.

पिकवणं धातूच्या तापमानावर मोजतात, भट्टीच्या काट्यावर नाही. बहुतेक पावडरींना धातू 180 अंशांवर पोचल्यानंतर 15 ते 20 मिनिटं लागतात. पातळ ट्रे लगेच तापतो, जाड ब्रॅकेटला वेळ लागतो. दोन्ही एकाच ट्रॉलीत टाकून एकाच वेळी काढले तर ब्रॅकेट कच्चा राहतो. दिसायला चकचकीत, पण पहिल्या दगडाला पोपडा. तपासायला एमईके या सॉल्व्हंटमध्ये भिजवलेला कापूस दाबून 30 वेळा मागे-पुढे घासा. चमक थोडी कमी झाली तर चालेल. थर मऊ होऊन नखाने ओरखडला गेला तर कच्चा आहे, पुन्हा भट्टीत घालायला सांगा. ब्रॅकेटच्या आतल्या कोपऱ्यांत पावडर नीट जात नाही, स्थिर विद्युत भार कडांकडेच ओढतो. कोपरे टॉर्च लावून बघा, धातू दिसत असेल तर आत्ताच परत द्या.

ट्रेवर किंवा जवळ अर्थिंगची वायर बसत असेल तर ती जागा मास्क करा. पावडर आणि ॲनोडायझिंग दोन्ही करंट अडवतात. रंगकामानंतर स्टार्टर ओढत नाही, लाइट मंद लागतात, अशा तक्रारीत आधी अर्थचा पॉइंट खरवडून बघायचा.

कॅलिपर बिडाचे, म्हणजे ॲनोडायझिंग नाहीच. पावडर होते, पण पिस्टन, सील, बूट, निपल सगळं काढून, कारण 180 अंशांवर रबर जातं. शिवाय पिस्टनचा बोअर, स्लायडर पिनची भोकं, पॅड सरकतात ती तोंडं आणि ब्रेक होजच्या तांब्याच्या वॉशरची बैठक, एवढं सगळं नीट मास्क करावं लागतं. वॉशरच्या बैठकीवर थोडी पावडर राहिली तरी ब्रेक ऑइल पाझरतं. घाटातून उतरताना कॅलिपर तापतो ते वेगळंच. एवढ्या जोखमीपेक्षा वायर ब्रशने साफ करून कॅलिपरसाठीचा उष्णतारोधक ब्रश पेंट दोन हात लावा. ब्रेक ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, ते पेंटही सोडवतं आणि पावडरही मऊ करतं.

8.8 च्या वरच्या ताकदीच्या ग्रेडचे बोल्ट (ग्रेडचा आकडा बोल्टच्या डोक्यावर असतो) कुठल्याच लॉटमध्ये टाकू नका. ॲसिडमध्ये गंज काढताना 10.9, 12.9 च्या बोल्टमध्ये हायड्रोजन शिरतो आणि ते नंतर ताणाखाली अचानक तुटतात. त्याच ग्रेडचे नवे घ्या.

पार्टसोबत चिठ्ठी द्या, तोंडी सांगितलेलं शिफ्ट बदलली की हरवतं. स्पेसरची चिठ्ठी अशी: ‘एचई-30, 4 नग. काळं, 20 मायक्रॉन, एचिंग कमीत कमी, डीएम पाण्यात सीलिंग. जिगचा ठिपका मार्करच्या खुणेवर. आधी 1 नग करून दाखवणे.’ टॅपेट कव्हरची: ‘ओतीव ॲल्युमिनियम. लोखंडी शॉट नको. कोरं भाजून मग पावडर. गॅस्केट तोंड, बोल्ट बैठका, कॅपचे आटे मास्क. बॅफल बंद ठेवणे.’ आणि कव्हर परत आल्यावर बसवण्याआधी आतून डिझेलने धुवा, काँप्रेसरची हवा मारा, पुन्हा डिझेल ओता आणि ते पांढऱ्या फडक्यातून गाळा. फडक्यावर एकही कण दिसेनासा होईपर्यंत हेच करत राहा.