नेत्यावरून उघड भांडणं होणं ही लोकशाही बिघडल्याची खूण आहे का?

तुमचा प्रश्न असा की हल्ली एखाद्या नेत्यावरून घरात, मित्रांत उघड वाद होतात, माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात, तर लोकशाही आजारी पडली असं समजायचं का?

मी कराडचा. आमच्या घरात हे भांडण १९७५ साली सुरू झालं आणि भांडणारे दोघं थकेपर्यंत चाललं. त्यामुळे नुसत्या आवाजाची मला भीती वाटत नाही.

आणीबाणी लागली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. वडील यशवंतराव चव्हाणांचे भक्त. बाहेरच्या खोलीत शिवाजी महाराजांच्या तसबिरीशेजारी यशवंतरावांचा फोटो होता, दसऱ्याला दोघांनाही हार पडायचा. धाकटे काका शाळामास्तर, समाजवाद्यांच्या राष्ट्र सेवा दलात वाढलेले. त्यांचं एकच टुमणं असायचं, "दादा, साहेब परराष्ट्रमंत्री आहेत. एक राजीनामा द्यायला काय होतंय त्यांना?" वडिलांचं उत्तरही ठरलेलं. आत राहून जे सांभाळता येतं ते बाहेर पडून येत नाही.

त्याच वर्षी कराडला साहित्य संमेलन भरलं. स्वागताध्यक्ष खुद्द यशवंतराव, अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. इंदिरा सरकारविरुद्ध आंदोलन उभं करणारे जयप्रकाश नारायण कैदेतून सुटून मुंबईत जसलोकमध्ये उपचार घेत होते. दुर्गाबाईंनी केंद्रीय मंत्र्यासमोर, भर संमेलनात, जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं. आमचे दोघंही तिथे होते. घरी आल्यावर वडील म्हणाले, "पाहुणीनं यजमानाला अडचणीत आणलं." काका म्हणाले, "यजमान आधीपासूनच अडचणीत होता, पाहुणीनं फक्त दिवा लावला." आई ताटं वाढून कंटाळली, पण दोघं काही जेवायला बसेनात. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना तुरुंगात टाकलं, तेव्हा मात्र वडील दोन दिवस गप्प होते.

आज आठवतं ते वेगळंच. ही भांडणं व्हायची खिडक्या लावून. रस्त्यावर, बाजारात, काकांच्या शाळेत कमालीची शांतता होती. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, काय सुरेख एकमत आहे या देशात! म्हणून कुणी "पूर्वी एवढी भांडणं नव्हती" म्हणालं की मी विचारतो, पूर्वी म्हणजे कधी?

लोकशाहीची नाडी बघायची तर मी दुसरीकडे बघतो. पक्षाच्या आतल्या माणसाला आपल्याच नेत्याला "हे चुकतंय" म्हणता येतं का, आणि म्हटल्यावर त्याचं काय होतं?

पुण्याचे मोहन धारिया घ्या. ते इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्री होते. जयप्रकाशांशी भांडण्यापेक्षा बोलणी करा, एवढंच त्यांचं म्हणणं. मार्च १९७५ मध्ये त्यांना मंत्रिमंडळातून काढलं. आणीबाणी जून महिन्यातली. म्हणजे दुखणं तीन महिने आधीच दिसत होतं, आणि ते विरोधकांच्या मोर्च्यांत नसून सत्ताधारी पक्षाच्या आतच होतं. काँग्रेसचे अध्यक्ष देवकांत बारुआ "इंदिरा म्हणजेच इंडिया" म्हणाले, तेही त्याच दुखण्याचं लक्षण. धारिया १९७७ साली जनता पक्षातर्फे पुण्यातून निवडून आले, पण ती पुढची गोष्ट.

आता जून २०२२ आठवा. त्या एकाच महिन्यात दोन बंडं झाली. ६ जूनला लंडनमध्ये हुजूर पक्षाच्या खासदारांनी आपल्याच पंतप्रधानावर, बोरिस जॉन्सनवर, पक्षात गुप्त मतदान घेतलं. २११ बाजूने, १४८ विरुद्ध. जॉन्सन वाचले, पण पुढच्याच महिन्यात मंत्र्यांनी राजीनाम्यांची रांग लावली आणि त्यांना पद सोडावं लागलं. विरुद्ध मत दिलं म्हणून त्या १४८ पैकी एकाचीही खासदारकी गेली नाही. २० जूनला आपल्याकडे विधान परिषदेची मतमोजणी संपते न संपते तोच शिवसेनेचे एकनाथ शिंदे आणि काही आमदार सुरतेला, तिथून गुवाहाटीला गेले. हळूहळू आकडा चाळिशीपर्यंत पोचला. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे भेटत नाहीत, काँग्रेस-राष्ट्रवादीशी ही आघाडी आम्हाला नको, असं ते म्हणाले. समोरचे म्हणाले, हा सगळा सत्तेचा आणि खोक्यांचा खेळ. तुम्हाला जे पटतं ते धरा. माझा प्रश्न दोन्ही बाजूंना आहे. हे चाळीस जण आपलं म्हणणं पक्षातच, गुप्त मतदानाने, कुठे मांडू शकले असते? अशी जागा शिवसेनेत नव्हती. पण मग ती राष्ट्रवादीत, भाजपत किंवा काँग्रेसमध्ये आहे का?

या दुखण्यात कायद्याचाही हात आहे. १९८५ सालचा पक्षांतरबंदी कायदा आला तो "आयाराम-गयाराम" थांबवायला. हेतू चांगला होता. पण त्याने पक्षादेश म्हणजे व्हीप इतका कडक केला की साध्या विधेयकावरसुद्धा आमदाराने वेगळं मत दिलं तर आमदारकी जाऊ शकते. एकटा माणूस बोलला तर मेला, झुंडीने गेला तर वाट निघते. निकाल द्यायचा सभागृहाच्या अध्यक्षांनी, आणि ते अध्यक्ष बहुतेकदा सत्ताधारी पक्षाचेच. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांचा बहुमत चाचणीचा निर्णय अयोग्य ठरवला, पण उद्धव ठाकरे चाचणीला सामोरे न जाताच राजीनामा देऊन बसले होते, त्यामुळे त्यांना परत आणता आलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये विधानसभा अध्यक्षांनी निकाल दिला, आणि दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. मग कायदा नक्की कुणाला घाबरवायला आहे? व्हीप फक्त विश्वास-अविश्वास ठराव आणि अर्थसंकल्पासारख्या सरकार टिकण्याच्या प्रश्नांपुरता असावा, असं खासगी विधेयक काँग्रेसच्या मनीष तिवारींनी लोकसभेत मांडलं होतं. मला ते पटतं. ब्रिटनमध्येही सगळं आलबेल नाही, जॉन्सननंतर आलेल्या लिझ ट्रस ४९ दिवस टिकल्या. तरी मी ती अस्थिरता पत्करीन.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट मात्र खरी आहे. हल्ली भांडण नेत्याच्या कामावरून कमी आणि नेत्याच्या मानापमानावरून जास्त होतं. संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी बजावलं होतं की धर्मात भक्ती मोक्षाला नेत असेल, राजकारणात ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. काका हे वाक्य वडिलांना फोटोकडे बोट दाखवून ऐकवायचे. वडीलही काही कमी नव्हते. त्याच भाषणात आंबेडकरांनी आता सत्याग्रह आणि कायदेभंगही सोडा असं सांगितलंय, ते वडील काकांच्या जयप्रकाशांवर ऐकवायचे. एका भाषणाचे दोन तुकडे दोघांनी वाटून घेतले होते.

यशवंतराव २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत गेले. अंत्यसंस्कार इथे प्रीतिसंगमावर झाले. त्या गर्दीत माझे वडील होते आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून काकाही होते, डोळे सुजलेले. परतताना कुणी काही बोललं नाही. रात्री आईने पिठलं-भाकरी वाढली. काकांनी पहिला घास मोडला आणि म्हणाले, "दादा, तरीपण राजीनामा द्यायला हवा होता." वडील म्हणाले, "तू आधी जेव." आणि मग रात्री दोनपर्यंत दोघं भांडले, खिडक्या सताड उघड्या टाकून.