कोर्टाने मला क्रूर ठरवलं, म्हणजे मी तशीच आहे का?

खटला चालू असतो तोवर माणूस पेशीच्या मागे धावत असतो. आमच्या इंदुरात कोर्टाच्या तारखेला मराठी घरांतही ‘पेशी’च म्हणतात. मन ढासळतं ते नंतर, निकालाचा कागद हातात पडल्यावर. मी समुपदेशक आहे. मग एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी माझ्यासमोर येतो: कोर्टाने असं लिहिलंय, म्हणजे मी तसाच आहे का, तशीच आहे का?

मागच्या पावसाळ्यात आलेल्या एका बाईंची ही हकीकत. त्यांना विचारून लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय चाळिशीचं, सासर-माहेर दोन्ही इंदूरचंच, एक मुलगी कॉलेजात. नवऱ्याने कुटुंब न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज केला होता आणि कारण दिलं होतं ‘क्रूरता’. समन्स घेऊन माणूस दारात आला तेव्हा मोठा भाऊ म्हणाला, “शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. घेऊच नकोस.” त्यांनी घेतलं नाही. समन्स नाकारलं तरी कायद्याने ते पोचलंच असं धरतात, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. काही महिन्यांनी एकतर्फी डिक्री झाली, म्हणजे त्यांची बाजू न येताच घटस्फोटाचा हुकूम निघाला.

साडीच्या दुकानाच्या पिशवीतून त्यांनी निकालाची नक्कल काढली. शेवटच्या पानावर ‘क्रूरता’ या शब्दाखाली बॉलपेनने इतक्या वेळा रेघ ओढली होती की तिथे कागद फाटला होता.

“ताई, जजसाहेबांनी लिहिलंय. ते कशाला उगीच लिहितील? मला संसार परत नकोय. पण मी अशी आहे का, एवढं सांगा.”

त्यांचं चुकत नव्हतं. हे गाव अहिल्याबाईंच्या न्यायाच्या गोष्टी ऐकत मोठं होतं. 1767 ते 1795 असा त्यांचा कारभार, राजधानी महेश्वरला, पण राजवाड्याच्या आसपास वाढलेल्या प्रत्येक मुलीने आजीच्या तोंडून त्या ऐकलेल्या असतात. त्या गोष्टींत न्याय करणाऱ्याला माणसाच्या मनातलं सगळं दिसतं. मग कोर्टाचा कागदही मन वाचूनच लिहिलेला असणार, असं वाटणं साहजिक आहे.

मी म्हटलं, “शेवटचं पान राहू दे. पहिल्यापासून वाचूया, मोठ्याने.” त्यांनी ते कधी वाचलंच नव्हतं. हिंदीतली कोर्टाची भाषा, आवेदक आणि अनावेदिका. अनावेदिका म्हणजे आपण, हेसुद्धा त्यांना दुसऱ्या पानावर उमगलं. तिसऱ्या पानावर त्या थांबल्या. ‘आवेदक की साक्ष्य अखंडित है.’

“हे बघा,” त्या म्हणाल्या, “अखंडित. म्हणजे त्याच्या बोलण्यात कुठे खोट नाही.”

आपल्या मराठी कानाला अखंड म्हटलं की अखंड सौभाग्य आठवतं, अखंड नामस्मरण आठवतं. न तुटणारं, पूर्ण. कोर्टात त्या शब्दाचा अर्थ इतकाच की या साक्षीचं खंडन कुणी केलं नाही. कुणी उलटतपासणी घेतली नाही, दुसरी बाजू मांडली नाही. ज्यांनी मांडायची त्या घरी बसल्या होत्या. हे सांगितल्यावर त्यांनी ती ओळ पुन्हा दोनदा वाचली. नंतर बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मी वकील नाही. तरी या कामात कायदा थोडा तरी समजून घ्यावाच लागतो, नाहीतर माणसाला धीर देता येत नाही, नुसती समजूत काढता येते. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ‘जजमेंट’ची व्याख्या आहे: न्यायाधीशाने डिक्रीची किंवा आदेशाची जी कारणं सांगितली, ते कथन. डिक्री निराळी, जजमेंट निराळं. त्यात काय असावं हेही ठरलेलं आहे: प्रकरणाची थोडक्यात हकीकत, ठरवायचे मुद्दे, त्यांवरचा निर्णय आणि त्या निर्णयाची कारणं. म्हणजे कोर्ट समोर ठेवलेल्या मुद्द्यांना, समोर आलेल्या पुराव्यावरून उत्तर देतं. ‘ही बाई कशी आहे’ हा मुद्दा त्या कागदात कुठेच नव्हता. ‘अनावेदिकेने आवेदकाशी क्रूरतेचं वर्तन केलं काय’ हा होता.

आणि ती क्रूरतासुद्धा आपल्या बोलण्यातली नव्हे. आपण क्रूर म्हणतो ते कसायाला, छळ करणाऱ्याला. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात क्रूरतेची व्याख्याच दिलेली नाही, प्रत्येक प्रकरणातल्या वागणुकीवरून ती ठरते. पुण्याच्या कोर्टात सुरू झालेला एका मराठी दांपत्याचा खटला 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. तो निकाल न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिला. अशा प्रकरणांत फौजदारी खटल्यासारखा संशयापलीकडचा पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं ज्या बाजूला झुकेल तेवढं पुरे, असं त्यांनी म्हटलं. त्यांनी पत्नीची वागणूक क्रूरतेत बसते असं धरलं, तरी पतीने नंतर ती पोटात घातली होती म्हणून त्याचं अपील फेटाळलं. मी हे सांगितलं तेव्हा बाई एकदम म्हणाल्या, “म्हणजे क्रूर ठरली आणि तरी जिंकली?”

हो. कायद्यातला शब्द तेवढ्या कामापुरता असतो.

त्यांची मुलगी एका भेटीला सोबत आली होती. “आई, तू स्वतःला सारखं जज करत असतेस, ते सोड ना,” ती म्हणाली. हल्लीच्या मुलांच्या तोंडी हे वाक्य सदा असतं. त्यामागची माया मला कळते, पण हा सल्ला मला पटत नाही. मत बनवल्यावाचून मन राहत नाही. भाजी घेतानाही आपण पारख करतो. मराठीत यासाठी किती शब्द आहेत: पारख, तारतम्य, विवेक, मत, निवाडा, निकाल. इंग्रजी एका शब्दात ते सगळे कोंबते, आणि तोच ‘जज’ आपल्याकडे आल्यावर पारख आणि शिक्षा यांतला फरक पुसला जातो. या बाईंचं दुखणं स्वतःला जोखण्यात नव्हतं. मुद्दा न ठरवता, पुरावा न बघता, कारण न लिहिता त्या रोज रात्री स्वतःला शिक्षा सुनावत होत्या. त्यावर अपीलही नव्हतं.

म्हणून मी त्यांना वही दिली आणि निकाल लिहायला सांगितला. खरा, रीतीने. प्रत्येक मुद्दा वेगळा. समोर तीन रकाने. ही सोय पुराव्याच्या कायद्यातलीच आहे. 1872 च्या जुन्या कायद्यात होती, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे: एखादी गोष्ट सिद्ध होते, किंवा तशी नव्हती हे सिद्ध होतं, किंवा दोन्ही न होता ती नुसती ‘सिद्ध नाही’ या जागी राहते. अपराधी भावनेने पछाडलेल्या माणसाकडे हा तिसरा रकाना नसतो.

पहिल्या आठवड्यात त्यांनी लिहिलं, “समन्स घ्यायला हवं होतं, मला तेव्हाच कळायला हवं होतं.” आणि थेट सिद्धच्या रकान्यात टाकलं. मी त्यांना मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांचा 1975 चा प्रयोग सांगितला. 1814 मधल्या इंग्रज-गुरखा युद्धाचं वर्णन लोकांना वाचायला दिलं. काहींना सांगितलं की इंग्रज जिंकले, काहींना की गुरखे जिंकले. ज्याला जो शेवट सांगितला, त्याला तोच आधीपासून जास्त संभवनीय वाटला. शेवट ठाऊक झाला की सुरुवात अशी स्वच्छ दिसायला लागते. समन्सच्या दिवशी तुम्हाला काय ठाऊक होतं, तेवढंच लिहा, म्हटलं. त्यांनी लिहिलं, “दादा घरात होता. मी त्याचं ऐकलं.” आणि खूण तिसऱ्या रकान्यात सरकवली.

अशी वेळ आलेल्यांना एक निकडीचं सांगते: एकतर्फी डिक्री रद्द करून घ्यायला अर्ज करता येतो, पण मुदत 30 दिवसांची असते. समन्स रीतसर बजावलंच नसेल तर डिक्री कळल्यापासून मोजतात. समुपदेशकाकडे नंतर या, आधी वकील गाठा. या बाईही वकिलांना भेटून आल्या, त्यांनी सगळं समजून घेतलं आणि अर्ज न करायचं ठरवलं. तो निर्णय त्यांचा.

चौथ्या भेटीला वही भरत आली होती. बरेच मुद्दे ‘सिद्ध नाही’मध्ये, काही खोडलेले. एका ओळीवर मात्र खाडाखोड नव्हती. सासूबाई तापाने पडल्या असताना औषधाच्या वेळेवरून त्या त्यांना नको ते बोलल्या होत्या आणि त्याच संध्याकाळी माहेरी निघून गेल्या होत्या. समोर पहिल्या रकान्यात ‘सिद्ध’, खाली तारीख आणि सही.

“हे खरं आहे, ताई. हे कोर्टात आलंच नव्हतं.”

त्यांनी सासूबाईंना फोन केला होता. उचलला गेला नाही. गणपती झाले की पुन्हा करणार आहेत.