वाचकांचे प्रश्न : गर्भाशयमुखाची तपासणी आणि पिशवीची धास्ती

प्रश्न : मी धाराशिव जिल्ह्यात आशा कार्यकर्ती आहे. पुढील महिन्यात आमच्या उपकेंद्रात तिशीपुढच्या स्त्रियांची व्हिनेगर लावून गर्भाशयमुखाची तपासणी होणार आहे. बायका म्हणतात, ‘काही त्रास नाही, मग तपासायचे कशाला? दोष निघाला तर पिशवीच काढायला लावतील.’ त्यांना काय सांगावे? ही साधी तपासणी भरवशाची आहे का?

उत्तर : ताई, बायकांच्या भीतीला आधी उत्तर द्यायला हवे, कारण ती निराधार नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या कितीतरी स्त्रियांच्या गर्भपिशव्या कर्करोगाची धास्ती घालून काढल्या गेल्याचे पुढे आले आणि २०१९ मध्ये शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. म्हणून त्यांना स्पष्ट सांगा, की तपासणीत पांढरा डाग दिसणे म्हणजे कर्करोग नव्हे आणि त्या डागासाठी पिशवी काढण्याची गरज सहसा नसते.

या कर्करोगाचे मूळ एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकून राहिलेल्या संसर्गात असते. बहुतेक स्त्रियांचा संसर्ग आपोआप जातो. ज्यांचा टिकतो, त्यांच्यापैकी काहींच्या पेशी बिघडू लागतात आणि त्या बिघाडाचा कर्करोग व्हायला साधारण दहा ते वीस वर्षे लागतात. या सगळ्या काळात बाईला कसलाही त्रास जाणवत नाही, म्हणूनच त्रास नसताना तपासायचे असते. सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजेच व्हिनेगर, लावून मिनिटभर थांबले, की बिघडलेला भाग पांढरा दिसतो. तो लहान असेल, तर तापवलेल्या सळईसारख्या उपकरणाने किंवा अतिशीत वायूने काही मिनिटांत नष्ट करता येतो. भूल द्यावी लागत नाही आणि बाई त्याच दिवशी घरी जाते.

भरवशाबद्दल मात्र मी हातचे राखून सांगणार नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा स्मारक केंद्राने १९९८ पासून दीड लाखाच्या आसपास स्त्रियांचा अभ्यास केला. त्यात दहावी शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी ही तपासणी केली आणि या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला व २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेथे एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने (हिच्यात गर्भाशयमुखाच्या नमुन्यात तो विषाणू आहे का, ते पाहतात) मृत्यू जवळजवळ निम्मे झाले, पण एकदाच केलेल्या व्हिनेगर तपासणीने तशी ठळक घट दिसली नाही. यावरून माझे मत असे, की एचपीव्ही चाचणी मिळत असेल तर तीच घ्यावी. तिचा नमुना बाईला स्वतःलाही घेता येतो, त्यामुळे संकोचही कमी होतो. ती मिळत नसेल तर व्हिनेगर तपासणी जरूर करावी, मात्र शिबिर एकदा झाले म्हणजे काम संपले असे कोणी समजू नये.

पाळी जाऊन बरीच वर्षे झालेल्या स्त्रियांमध्ये तपासायचा भाग आत सरकतो, त्यामुळे त्यांच्यासाठी ही पद्धत तितकीशी उपयोगाची नाही. ज्यांच्या मुली नऊ ते चौदा वर्षांच्या आहेत, त्यांना एचपीव्हीविरुद्धच्या लशीविषयी अवश्य सांगा. पुण्यात बनणाऱ्या भारतीय लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली आहे. लस घेतली तरी पुढे तपासणी लागतेच.

शिबिराच्या आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना एवढे विचारून ठेवा : डाग निघालेल्या बाईवर उपचार कोठे होणार, कोणत्या दिवशी होणार आणि तिच्या गाडीभाड्याचे व बुडालेल्या मजुरीचे काय? कारण बायका गळतात त्या बहुधा तपासणी आणि उपचार यांच्या मधल्या फेऱ्यांत. आणि संबंधानंतर किंवा पाळी गेल्यानंतर कोणाला रक्त जात असेल, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जात असेल, तर तिला शिबिराची वाट पाहायला लावू नका. तिला त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात पाठवा.