मंत्रात लिहिलंय तेवढंच

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, पात्रं घेऊन खेळायच्या खेळातल्या जादूच्या मंत्रांबद्दल यावेळी आलेले निम्मे प्रश्न एकच आहेत, मंत्राचं नाव तेवढं बदललंय : ‘नियमात कुठे नाही म्हटलंय?’ बाई, बाबांनो, नियमात जे लिहिलंय ते मंत्र करतो. जे लिहिलेलं नाही, ते डीएमला (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला) विचारायचं असतं. उत्तरं डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीला धरून आहेत. २०१४ आणि २०२४ च्या पुस्तकांत फरक आहे तिथे तसं सांगतो.

प्रश्न : ग्रीस मंत्राचं तेल पेटतं का?

नाही. २०२४ च्या पुस्तकाने तर ‘न पेटणारं’ असं सरळ लिहूनच टाकलंय. पेटतं ते वेब मंत्राचं जाळं.

प्रश्न : एका फेरीत तीन बाण लागले. कॉन्सन्ट्रेशनसाठी (चालू मंत्र टिकतो का ते बघायला) तिन्हींचं मिळून एकदाच फासा टाकायचा ना?

प्रत्येक बाणाला वेगळा. फाशाने गाठायचा आकडा १० किंवा नुकसानाच्या निम्मा, यातला मोठा. २६ लागले तर १३.

प्रश्न : एकाच टर्नमध्ये बोनस अ‍ॅक्शनने (मुख्य कृतीशिवायच्या जादा कृतीने) हीलिंग वर्ड हा जखमा भरणारा मंत्र आणि अ‍ॅक्शनने फायरबॉल हा आगीचा मंत्र, चालेल? एका व्हिडिओत चालतं म्हणालेत.

व्हिडिओवाल्याला म्हणावं पुस्तक उघड. २०१४ मध्ये बोनस अ‍ॅक्शनचा मंत्र टाकला की त्या टर्नमध्ये दुसरा फक्त एक अ‍ॅक्शनचा कॅन्ट्रिप, म्हणजे कितीही वेळा टाकता येणारा साधा मंत्र. २०२४ मध्ये एका टर्नला मंत्रासाठी एकच स्लॉट (मंत्र टाकताना खर्च होणारा, मोजकाच मिणारा साठा). वाट वेगळी, उत्तर तेच : नाही. तुमच्या टेबलावर कुठलं पुस्तक चालतं, ते मात्र पहिल्याच सेशनला ठरवून घ्या.

प्रश्न : क्रिएट वॉटरने शत्रूच्या फुफ्फुसात पाणी भरलं. फुफ्फुस म्हणजे पोकळ भांडंच की. डीएमने नाकारलं. ही युक्ती आम्ही दोन आठवडे गुप्त ठेवली होती!

डीएमने बरोबर केलं. मंत्रात ‘उघडं भांडं’ आहे. छातीच्या पिंजऱ्यात बंद असलेला अवयव उघडा कसा? शिवाय मंत्र जिथे टाकायचा तिथपर्यंत मोकळी वाट लागते. इथे अख्खा शत्रूच आड उभा आहे. तेही सोडा. पॉवर वर्ड किल हा नवव्या लेव्हलचा मंत्र, आणि २०१४ च्या पुस्तकात तोसुद्धा १०० किंवा त्याहून कमी हिट पॉइंट (जीव) उरलेल्यालाच मारतो. पहिल्या लेव्हलचा, १० गॅलन पाणी देणारा मंत्र सेव्हिंग थ्रोशिवाय (बचावाचा फासा न टाकू देता) कुणालाही मारणार असेल, तर जादूगाराने पुढच्या आठ लेव्हल चढायच्या कशाला?

पण मला खटकलं ते ‘दोन आठवडे गुप्त’. हे मी माझ्याच टेबलावर भोगलंय. खेळाडू अगदी भोळा चेहरा करून विचारतो, ‘राक्षसाचं तोंड उघडं आहे ना?’ आहे. ‘श्वास घेतो ना?’ घेतो. ‘भांडं कुठल्याही आकाराचं चालतं ना?’ चालत असावं. मग तो पाठीला टेकतो, हसतो, आणि माझीच तीन उत्तरं माझ्या गळ्यात अडकवतो. पुढचा अर्धा तास वाद. बाकीचे चौघे फासे हातात घोळवत बसलेले. एक जण फोनवर फुफ्फुसात किती लिटर मावतं ते शोधतोय. (शरीरशास्त्र आणायचं तर पूर्ण आणा. त्याच शास्त्राने ड्रॅगनही जमिनीवरून उठणार नाही.) नियम खेळ रंगावा म्हणून आहेत, त्या जगाचं पदार्थविज्ञान सांगायला नाहीत, हे २०२४ च्या डीएमच्या पुस्तकालाही स्पष्ट लिहावं लागलं. ते उगाच नाही.

युक्ती शत्रूपासून लपवा, डीएमपासून नको. सेशनच्या दोन दिवस आधी एक निरोप टाका : ‘असं करायचा विचार आहे, तुझ्या टेबलावर चालेल का?’ चालेल म्हणाला, तर तीच युक्ती उद्या त्याचा जादूगार तुमच्यावर करेल, तेही कबूल आहे का ते बघा. नाही म्हणाला, तर दोन दिवसांत दुसरं काही सुचतं. ऐन लढाईत मंत्राचं पान पहिल्यांदा उघडणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. तुमची पाळी आल्यावर वाचायला बसू नका.

प्रश्न : मी डीएम आहे. माझ्या प्रत्येक खलनायकाकडे काउंटरस्पेल (दुसऱ्याचा मंत्र हाणून पाडणारा मंत्र) असतो. खेळाडू रुसतात. चुकतंय का?

नियमाने नाही, पण प्रत्येकाकडे? ६० फुटांच्या आत असावं लागतं आणि मंत्र टाकणारा दिसावा लागतो, हे तुम्ही तरी पाळता ना? २०१४ च्या नियमात खेळाडूचा स्लॉटही वाया जातो. २०२४ मध्ये त्याला कॉन्स्टिट्यूशनचा (शरीराच्या कणखरपणाचा) सेव्ह मिळतो आणि मंत्र फसला तरी स्लॉट वाचतो. तो नियम घेऊन बघा, आणि खेळाडूंशी बोला.

प्रश्न : ‘अजिंक्य जादूगार’ नावाची पीडीएफ विकत घेतली. त्यात विश (इच्छा पुरी करणारा) आणि सिम्युलॅक्रम (प्रतिकृती बनवणारा) या मंत्रांनी प्रतिकृतींची अखंड फौज उभी करायची कृती आहे. वापरू का?

पैसे गेले. ही कृती जुनी आहे, फुकटात सापडते, आणि २०२४ मध्ये प्रतिकृतीला स्वतः सिम्युलॅक्रम टाकताच येत नाही. २०१४ वर खेळत असाल तरी डीएमला आधी दाखवा. पीडीएफ विकणारा तुमच्या टेबलावर बसलेला नसतो.

प्रश्न : आमच्यातल्या चोराने खजिना दाबला. त्याच्यावर सजेशन (सुचवलेलं करायला लावणारा मंत्र) टाकून तो परत मिळवला तर?

मंत्र चालेल, त्याला विज्डमचा (मनाच्या सावधपणाचा) सेव्ह मिळेल. पण इथे पात्राआड माणूस बसलाय, आणि त्याच्या पात्राचा लगाम तुम्ही हातात घेताय. आधी त्या खेळाडूला विचारा, मग डीएमला. दोघांपैकी एकानेही होकार दिला नाही तर टाकू नका, चोराशी भांडा. त्यात जास्त मजा आहे.

प्रश्न : फायरबॉल आपल्याच माणसांना लागतो का?

लागतो. २० फूट त्रिज्या, नुकसानाचे आठ फासे. टाकण्याआधी त्यांना विचारा.